क्रेन होण्याआधीचे दोन दिवस

पहिली टॉवर क्रेन मी उभी केली ती परळला, एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात. ‘उभी केली’ हे आपलं म्हणायचं म्हणून. खरं तर मी खाली उभा राहून पिना मोजत होतो. हातात डिप्लोमा, डोक्यावर कोरं हेल्मेट, आणि खलाशांच्या, म्हणजे क्रेन जोडणाऱ्या कामगारांच्या, उस्तादांनी पहिल्याच सकाळी माझ्याकडे पिनांची बादली सरकवून सांगितलं होतं, “साहेब, खालून जेवढ्या गेल्या तेवढ्या वर लागल्या का, एवढंच बघा. बाकी आम्ही बघतो.” मला तेव्हा तो अपमान वाटला. नंतर कळलं, त्यांनी मला सगळ्यात महत्त्वाचं काम दिलं होतं.

पूर्ण जोडलेली टॉवर क्रेन फार समजूतदार असते. जास्त वजन लावलं तर ती उचलतच नाही, हूक आत-बाहेर नेणारी ट्रॉली पुढे नेऊ लागलात तर अडते, वारा वाढला की भोंगा वाजवते. पण ती जोडत असताना, उंची वाढवताना आणि उतरवताना या शहाणपणातलं काहीच तिच्याकडे नसतं. जादा भार अडवणाऱ्या लिमिट स्विचला वीज नसते, तोल एका बाजूला असतो, निम्मे बोल्ट पेटीत असतात. तेव्हा ती क्रेन नसतेच, उंचावर टांगलेलं भंगार असतं. १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रेन पडून ५ माणसं गेली, २००० मध्ये लंडनच्या कॅनरी वॉर्फला ३, २००८ मध्ये न्यूयॉर्कला ७, २०१९ मध्ये सिएटलला ४. यांतली एकही क्रेन नेहमीचं माल उचलायचं काम करताना पडलेली नाही. तिघींची उंची वाढवणं चाललं होतं आणि एक उतरवली जात होती.

पुढे जे लिहितोय ते या अर्धवट अवस्थेबद्दल आहे.

१. क्रेन खड्ड्यात चुकते

मास्टचे, म्हणजे क्रेनच्या उभ्या खांबाचे, चार पाय ज्यावर बसतात ते लोखंडी तुकडे फाउंडेशनच्या काँक्रीटमध्ये कायमचे गाडलेले असतात. ते एकदाच वापरायचे. जुन्या साइटवरून कापून आणलेले वेल्डिंग करून बसवायची कल्पना दर दोन वर्षांनी कुणाला तरी सुचते, आणि दर वेळी तीच वादावादी होते.

हिशोब साधा आहे. मास्टची रुंदी १.६ मीटर धरा. चारपैकी एका बाजूची पातळी १ मिलिमीटरने चुकली तर ५० मीटर उंचीवर माथा ३१ मिलिमीटर सरकतो. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ओळंब्यातून पाचशेस एक इतकीच सूट असते, म्हणजे ५० मीटरला १०० मिलिमीटर. थोडक्यात, खाली तुमच्या हातात जेमतेम तीन मिलिमीटर आहेत. जाड पुठ्ठ्याएवढे.

ठाण्याजवळच्या एका साइटवर काँक्रीट ओतण्याच्या रात्री मी गावाला होतो. चार तुकडे एकमेकांना धरून ठेवणारी चौकट कुणीतरी “नीट बसलंय आता” म्हणून आधीच काढली. मग व्हायब्रेटरचा धक्का लागला. सकाळी लेव्हल लावली तर एक कोपरा ६ मिलिमीटर खाली. कंत्राटदाराचे साहेब म्हणाले, पत्र्याचं पॅकिंग घालू. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, तुमच्या कंपनीशी बोलतो. बोलले. दोन दिवस माझा फोन तापत होता. शेवटी फाउंडेशन फोडलं, नवे तुकडे मागवले, पुन्हा ओतलं. सगळे मिळून तीन आठवडे गेले. त्या साइटवर पुढे मला कुणी चहा विचारला नाही.

फाउंडेशनचं ड्रॉइंग हातात आलं की मी तीन गोष्टी विचारतो: खाली माती काय लागली, क्रेन बंद असताना वाऱ्याने येणारा जोर धरलाय का, आणि काँक्रीटच्या चाचणीचा क्यूब कधीचा आहे. पुण्यात बऱ्याचदा थोडं खणलं की काळा पाषाण लागतो आणि माणूस निर्धास्त होतो. मुंबईत भरावाखाली खाडीचा चिखल असतो, तिथे पाइलशिवाय गत्यंतर नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र दोन्हीकडे लोक अडखळतात. क्रेन काम करताना फाउंडेशनवर जास्त ताण येतो अशी सर्वांची समजूत असते. उंच क्रेनच्या बाबतीत बहुधा उलटं असतं. वादळात, रिकामी उभी असतानाच फाउंडेशनची खरी परीक्षा होते.

२. मोबाइल क्रेनच्या पायाखाली काय आहे ते तिथल्या सर्वांत जुन्या माणसाला विचारा

टॉवर क्रेन उभारायला मोबाइल क्रेन येते. सगळ्यांचं लक्ष वर असतं, आणि आपण बुडतो खाली. जिब, म्हणजे टॉवर क्रेनचा आडवा हात, उचलून फिरवताना सगळा भार मोबाइल क्रेनच्या एका आउटरिगरवर, म्हणजे बाजूला काढलेल्या पायावर, येतो. समजा ६० टन आला आणि पायाची थाळी अर्धा मीटर बाय अर्धा मीटर आहे. म्हणजे चौरस मीटरला २४० टन. मुरमाचा भराव याचा दहावा हिस्साही धड सोसत नाही. थाळीखाली दोन बाय दोन मीटरची भक्कम मॅट घातली तर तोच भार १५ टनांवर येतो. साधा भागाकार आहे, पण साइटवर मॅटऐवजी चार लाकडी स्लीपर सापडतात आणि त्यांतले दोन कुजलेले असतात.

त्यापेक्षा धोकादायक असतं जे दिसतच नाही: बुजवलेली विहीर, जुनी सेप्टिक टाकी, तळघराच्या भिंतीमागचा सैल भराव. हिंजवडीला एका सकाळी आमचा आउटरिगर चार इंच खचला. नशिबाने हुकाला तेव्हा काही नव्हतं. खणून पाहिलं तर खाली ड्रेनेजचं बुजवलेलं चेंबर. ते कोणत्याच नकाशावर नव्हतं. वॉचमन बाबांना माहीत होतं, कारण ती जमीन आधी त्यांच्याच भावकीची होती. “मला कुणी विचारलं नाही,” ते म्हणाले. तेव्हापासून मी विचारतो.

३. ठोकळे वजनकाट्यावर न्या

काउंटर जिबवरचे, म्हणजे तोलासाठी मागे असलेल्या आडव्या हातावरचे, काँक्रीटचे ठोकळे पुष्कळदा इथेच ओतलेले असतात. वरचा आकडा रंगवलेला असतो आणि रंगवणाऱ्याने ठोकळा कधी उचललेला नसतो. एकदा संशय आला म्हणून सगळे ठोकळे ट्रकवर घालून हायवेच्या वजनकाट्यावर नेले. माझी बरीच चेष्टा झाली. सहापैकी दोन ठोकळे दीडशे-पावणेदोनशे किलोने कमी भरले. चेष्टा थांबली असं नाही, पण काट्याची पावती सर्वांनी मागून घेतली.

आणि त्यांचा क्रम. नेहमीच्या सपाट जिबच्या क्रेनला आधी काउंटर जिब चढते, मग मॅन्युअल सांगेल तेवढाच एखादा ठोकळा, मग पुढची जिब, मग उरलेले ठोकळे. सगळे ठोकळे आधी चढवून मोकळं व्हावं हा मोह मी अनुभवी माणसांना झालेला पाहिला आहे. जिब नसताना ते वजन मास्टला मागच्या मागे ओढतं. मॉडेल बदललं की पहिल्या ठोकळ्यांची संख्याही बदलते. मागच्या साइटवर दोन चढवले होते, हे उत्तर नव्हे.

४. पिना

उस्तादांची बादली मी अजून सोडलेली नाही. पीन आत गेली की तिच्या टोकाला स्प्लिट पीन हवी, पाय पसरलेली. तिच्या जागी खिळा, बाइंडिंग वायर, एकदा तर छत्रीची काडी सापडली आहे. काम संपल्यावर बादलीत एक जरी पीन उरली तरी मी सगळ्यांना पुन्हा वर पाठवतो. एकदा उरलेली पीन मागच्या साइटची निघाली. दोन तास वाया गेले, खलाशांनी शिव्या दिल्या. चालतं.

सिएटलमध्ये २७ एप्रिल २०१९ ला हेच उलट्या बाजूने झालं. क्रेन उतरवायची होती. वेळ वाचावा म्हणून मास्टच्या सांध्यांमधल्या पिना आधीच काढत नेल्या. मास्ट जागच्या जागी उभाच होता, त्यामुळे काही बिघडलंय असं दिसलं नसणार. मग वाऱ्याचा एक झोत आला. चार मृतांपैकी दोघे क्रेनवरचे कामगार होते, आणि दोघे खालच्या रस्त्यावरून गाडीने चाललेले, ज्यांचा या कामाशी काहीही संबंध नव्हता. मुंबईत अरुंद गल्लीत क्रेन उतरवताना मला नेहमी त्या दोघांची आठवण होते. खालचा रस्ता बंद करायला परवानगी मिळवणं हे क्रेन उतरवण्यापेक्षा अवघड असतं, आणि म्हणून ते टाळलं जातं.

५. केज वर चढताना कुणी हसायचं नाही

बिल्डिंग वाढते तशी क्रेन वाढवावी लागते. मास्टभोवती एक पिंजरा असतो, त्याला आम्ही केज म्हणतो. हायड्रॉलिक जॅक त्या केजच्या आधारे क्रेनचं सगळं डोकं, म्हणजे केबिन, जिब आणि ठोकळे, वर उचलतो. मध्ये फट पडते. त्या फटीत मास्टचा नवा तुकडा सरकवायचा आणि बोल्ट लावायचे. वाचायला सोपं वाटतं. पण त्या दहा-वीस मिनिटांत क्रेनचं डोकं आणि मास्ट यांच्यात एकही बोल्ट नसतो. कित्येक टनांचा डोलारा एका जॅकवर आणि केजच्या रोलरांवर तोललेला असतो.

‘तोललेला’ हा शब्द इथे शब्दशः घ्या. जिबच्या हुकाला एखादं ठरलेलं वजन, बहुतेक वेळा मास्टचाच तुकडा, लावून ट्रॉली आत-बाहेर करत दोन्ही बाजू समान कराव्या लागतात. ट्रॉली किती मीटरवर ठेवायची हे मॅन्युअलमध्ये असतं, पण मी फक्त त्या आकड्यावर जात नाही. बोल्ट काढल्यावर जॅक अगदी थोडासा उचलायचा आणि थांबायचं. चारही कोपऱ्यांची फट बघायची. रोलर हाताने फिरतात का ते बघायचं. एका बाजूचा रोलर मास्टला घट्ट दाबून बसला असेल तर तोल नाही. खाली घ्या, ट्रॉली सरकवा, पुन्हा. यात पाऊण तास गेला तरी जाऊ द्या.

यात क्रेन फिरवायची नाही. हे प्रत्येकाला पाठ असतं, आणि तरी ऑपरेटरचा हात सवयीने लिव्हरकडे जातो. माझ्या देखत एकदा गेला. डोकं हातभर फिरलं असेल. केजचा जो आवाज झाला तो मला अजून वर्णन करता येत नाही. वर चौघे होते. चौघेही उतरून खाली आले आणि त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून केजचं काम असताना फिरवण्याच्या मोटरचा पुरवठा मी पॅनेलमध्ये बंद करून कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. लिव्हर हलली तर हलली.

न्यूयॉर्कची १५ मार्च २००८ ची गोष्ट मी नवीन मुलांना सांगतो. ठरावीक उंचीनंतर क्रेन इमारतीला बांधावी लागते. त्यासाठी मास्टभोवती बसवायची सुमारे पाच टनांची पोलादी कॉलर पॉलिएस्टरच्या पट्ट्यांवर टांगलेली होती. पट्ट्या तुटल्या. कॉलर मास्टवरून घसरत गेली, तिने खालची कॉलरही तोडली, आणि आधार गेलेली अख्खी क्रेन शेजारच्या इमारतींवर आडवी झाली. तपासात पट्ट्या अपुऱ्या आणि त्यातली एक झिजलेली असल्याचं निघालं. एवढी प्रचंड क्रेन, आणि जीव गेले ते आपल्याकडे टेम्पोच्या हौद्यात गुंडाळून फेकलेल्या असतात तसल्या पट्ट्यांमुळे. नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे त्या स्वस्तात मिळतात. धारदार कडेवर कापल्या गेलेल्या पट्टीचे मी साइटवरच चार तुकडे करतो, कारण नुसती बाजूला ठेवली तर संध्याकाळी ती पुन्हा कामाला लागलेली असते.

६. मुहूर्त आणि खारा वारा

मुंबईत काम पहाटे सुरू करायचं. धार्मिक कारण काही नाही. सकाळी हवा शांत असते, आणि ऊन तापलं की दुपारनंतर समुद्राकडून वारा वाढतो. जिब टांगलेली असताना तो आला तर जिबला बांधलेली दोरी, म्हणजे टॅग लाइन, चार माणसांनी धरली तरी हातातून निघून जाते. म्हणून सहाला सुरुवात आणि एकपर्यंत जिब जागेवर, असा माझा हिशोब असतो.

वरळीला एका बिल्डरने साडेबाराचा मुहूर्त काढला. पूजा, नारळ, फोटोवाला, शेठजींच्या मातोश्री खुर्चीवर. क्रेनच्या हुकाला झेंडूचा हार. आम्ही सहापासून तयार. जिब उचलायची वेळ आली तेव्हा अडीच वाजले होते आणि समुद्राकडच्या नारळाच्या झावळ्या हलायला लागल्या होत्या. मी काम उद्यावर ढकललं. शेठजी माझ्यावर नाही, गुरुजींवर चिडले. गुरुजी हुशार निघाले. त्यांनी पंचांग उघडून शांतपणे सांगितलं की उद्या सकाळी पावणेसातचा मुहूर्त याहून उत्तम आहे. त्या माणसाला मी नंतर आणखी दोन साइटवर बोलावून घेतलं.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. पुष्कळ क्रेनना काम करताना ताशी ७२ किलोमीटरपर्यंतची कमाल मर्यादा असते, पण उभारणी आणि केजच्या कामाची मर्यादा त्याहून बरीच कमी असते आणि ती मॅन्युअलच्या वेगळ्या पानावर असते. ते पान कुणी उघडत नाही. शिवाय शहर बदललं की वारा बदलतो. भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, इमारतींच्या हिशोबासाठी पुण्याला सेकंदाला ३९ मीटर वारा धरतात आणि मुंबईला ४४. फरक पाचाचा दिसतो, पण वर्ग केला की जोर सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढतो. “हीच क्रेन, हाच फाउंडेशनचा नकाशा, बाणेरला पाच वर्षं उभी होती” हे वाक्य मला घाट उतरल्यावर अनेकांनी ऐकवलंय.

रात्री काम संपलं की फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडायचा, म्हणजे जिब वातकुक्कुटासारखी आपोआप वाऱ्याच्या दिशेला वळते. हे न कळल्याने घोटाळे होतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा उंच क्रेन स्वतःभोवती फिरताहेत असे व्हिडिओ घरोघरी पोचले. माझ्या बहिणीने घाबरून फोन केला, “अरे, तुमची क्रेन सुटली!” मी म्हटलं, ताई, सुटली म्हणूनच उभी आहे. बांधून ठेवली असती तर पडली असती.

यात एक उपप्रकरण बिल्डरच्या बोर्डाचं. जिबवर किंवा मास्टवर मोठ्ठा फ्लेक्स, दिवाळीत माणसापेक्षा उंच आकाशकंदील. फ्लेक्स म्हणजे शीड. काउंटर जिबवर शीड लावलं तर जिब वाऱ्याच्या दिशेला नीट वळणारच नाही. किती चौरस मीटरचा बोर्ड चालेल आणि कुठे, हे क्रेन बनवणारा सांगतो. आकाशकंदिलाबद्दल तो काही सांगत नाही, तेव्हा तो मी गेटवर लावायला सांगतो.

७. एकच आवाज

खलाशांची भाषा बंदरातून आली आहे. उचलायचं तर ‘हाबीस’, सोडायचं तर ‘आर्या’. हे दुसरं तर पोर्तुगीजांच्या जहाजांवरून आलेलं. वॉकीटॉकी आले तरी शब्द टिकले, कारण वाऱ्यात ते एकमेकांसारखे ऐकू येत नाहीत. पण शब्द कुठलेही असोत, आदेश एकाच तोंडून जायला हवा. ‘थांब’ मात्र कुणीही म्हणावं, चहावाल्या पोरानेसुद्धा, आणि थांबायचं. मग का थांबवलं ते विचारायचं. विचारताना आवाज चढवायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो गप्प बसेल.

८. सर्टिफिकेट

क्रेन उभी राहिल्यावर वापरण्याआधी सक्षम व्यक्तीकडून तपासणी आणि भाराची चाचणी लागते. ही सक्ती बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने आणि १९९८ च्या केंद्रीय नियमांनी आणली. चाचणीत नेमून दिलेल्या भारापेक्षा जास्त वजन थोडंसं उचलून धरायचं असतं आणि लिमिट स्विच खरंच वीज तोडतात का ते बघायचं असतं. एका साइटवर तपासायला आलेल्या गृहस्थांनी साइट ऑफिसात एसीखाली बसून सही केली. त्यांचे बूट शेवटपर्यंत स्वच्छ होते. मी चाचणी स्वतः पुन्हा केली. जास्तीत जास्त भाराचा स्विच जोडलेलाच नव्हता.

९. उतरवणार कुठून?

पहिल्या मीटिंगला, ड्रॉइंग अजून कोरी असताना, मी हे विचारतो. लोकांना अपशकुन वाटतो. क्रेन यायच्या आधीच जायची गोष्ट काय! पण उभारताना मोकळं मैदान असतं, मोबाइल क्रेन हवी तिथे उभी राहते. तीन वर्षांनी त्याच जागी इमारत, पोडियम, पार्किंगचे स्लॅब आणि शेजारची दुसरी इमारत असते. जिब खाली आणायला जागा नाही, मोबाइल क्रेन पोचायला रस्ता नाही. काही वेळा मग गच्चीवर छोटी डेरिक क्रेन नेऊन मोठी क्रेन तुकड्यातुकड्याने उतरवायची वेळ येते. ते काम मी दोनदा केलं आहे, आणि तिसऱ्यांदा करायची माझी इच्छा नाही.

अंधेरीच्या एका प्रकल्पावर आर्किटेक्ट मॅडमनी माझा प्रश्न नीट ऐकून घेतला. मोबाइल क्रेन कुठे उभी राहील तो चौकोन मी त्यांच्या ड्रॉइंगवर पेन्सिलीने काढला आणि तिथल्या स्लॅबखाली किती टन येतील तेही लिहिलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, “इथे तर स्विमिंग पूल आहे.” सेल्सवाल्यांच्या रंगीत पुस्तकात तो आधीच छापून झाला होता, निळंशार पाणी आणि छत्रीखाली एक बाई.

तो पूल सर्वांत शेवटी बांधला, क्रेन गेल्यावर पाच आठवड्यांनी. तोवर त्या जागी जाड स्लॅब होता आणि त्यावर कुणीतरी क्रिकेटच्या स्टंप आखल्या होत्या.